रोज सायकलने कामावर जायचे असेल तर रस्ता आधी, सायकल नंतर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरापासून कार्यालय ९ किलोमीटरवर आहे, सायकलने जाण्याचा प्रयत्न आपण दोनदा केला आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांच्या आत तो सोडून दिला. पहिल्या वेळी रहदारीचा धसका घेतला, दुसऱ्या वेळी घामाने भिजलेल्या कपड्यांत कामाला बसणे नकोसे झाले, आणि आता गिअरची, वजनाला हलकी सायकल घेतली तर हे जमेल का, असे आपण विचारता. मी गेली २२ वर्षे सायकलने कामावर जातो आणि त्यांतला निम्म्याहून अधिक काळ नवशिक्यांना पहिल्या काही फेऱ्यांत सोबत करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की नुसती सायकल बदलून हा प्रश्न सुटणार नाही. आपण दोन्ही वेळा ज्या मार्गाने गेलात तो मार्ग बदलावा लागेल, आणि रस्त्याच्या रुंदीत आपण सायकल नेमकी कोठून चालवता ती जागाही बदलावी लागेल. सायकल, कपडे आणि दम यांचा विचार त्यानंतर येतो.

मार्गापासून सुरुवात करू. आपण लिहिले आहे, की मोटारीने ज्या रस्त्याने जात होता त्याच रस्त्याने सायकलनेही गेलात. बहुतेक सगळे हेच करतात, कारण तोच रस्ता पायाखालचा असतो. मोटारीला मोठा रस्ता सोयीचा, कारण तेथे वेग घेता येतो. सायकलचा वेग मात्र मोठ्या रस्त्यावर आणि आतल्या गल्लीत जवळपास सारखाच राहतो. म्हणजे मोठ्या रस्त्याचा फायदा आपल्याला काहीच मिळत नाही आणि त्याचा धोका तेवढा पुरेपूर वाट्याला येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनातली गतिज ऊर्जा ताशी ३० किलोमीटर वेगाच्या तुलनेत पावणेतीनपटींहून अधिक असते, आणि धडक बसलीच तर माणूस वाचतो की नाही हे बऱ्याच अंशी याच फरकावर ठरते. म्हणून नकाशा उघडून मुख्य रस्त्याला समांतर जाणारे वस्तीतले रस्ते शोधा. त्यासाठी दीड किलोमीटर जादा पडले तरी पाच-सहा मिनिटांचाच प्रश्न असतो. आणखी एक लाभ असा, की वाहनांच्या धुरातले कण मुख्य रस्त्यालगत सर्वांत दाट असतात आणि तेथून थोडे आत सरकले तरी विरळ होतात. सायकल चालवताना श्वास जोराने चालतो, त्यामुळे हा फरक आपल्याला इतरांपेक्षा अधिक जाणवतो.

नकाशावर शोधलेला मार्ग लगेच कामाच्या दिवशी वापरू नका. सुटीच्या दिवशी सकाळी तो एकदा चालवून पाहा आणि मनातल्या मनात नव्हे, कागदावर टिपणे करा: चढ कोठे आहे, डांबर कोठे उखडले आहे, कोणते वळण घेताना रहदारी आडवी ओलांडावी लागते. नंतर कामाच्या दिवशी, नेमक्या त्याच वेळेला, तो पुन्हा एकदा पाहा; कारण सुटीच्या सकाळी शांत असलेली गल्ली शाळा भरण्याच्या वेळी वाहनांनी तुंबलेली असू शकते. परतीचा मार्ग वेगळा असला तरी बिघडत नाही. पुष्कळदा तो वेगळाच असावा लागतो, कारण सकाळचा उतार संध्याकाळी चढ होतो, एकेरी वाहतुकीचे रस्ते परतताना उलटे पडतात आणि संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तो आपल्या मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर असतो, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

एखादा चौक असा असतोच, की जो सायकलवरून ओलांडण्याचे धाडस होत नाही. तेथे उतरावे, सायकल हातात धरून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून पलीकडे जावे आणि पुन्हा बसावे. यात एक-दीड मिनिट जाते. मी माझ्या मार्गावरचा एक चौक आजही असाच ओलांडतो, आणि माझ्यासोबत येणाऱ्यांना पहिल्या दिवशी तोच आधी दाखवतो, कारण रोजच्या प्रवासात रोज धैर्य गोळा करावे लागत असेल तर तो प्रवास फार दिवस टिकत नाही.

आता जागेविषयी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण आपल्या भीतीचे मूळ मला येथेच दिसते. आपण लिहिता, "मी अगदी कडेने चालवत होतो, तरी वाहने अंगावरून जात होती." ती अंगावरून गेली याचे एक कारण आपण अगदी कडेने चालवत होता, हेच आहे. सायकल कडेला चिकटली, की मागच्या चालकाला वाटते, याच पट्ट्यातून आपले वाहन निघून जाईल. तो बाजूला सरकत नाही, वेगही कमी करत नाही आणि हातभर अंतरावरून निघून जातो. शिवाय कडेलाच खडी, काचा, सांडपाण्याच्या जाळ्या आणि पदपथावरून अचानक खाली उतरणारी माणसे असतात, आणि चुकवायला आपल्याकडे एका बाजूला जागाच नसते. कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावे. रस्ता इतका अरुंद असेल की मागच्या वाहनाला सुरक्षित अंतर ठेवून पुढे जाताच येणार नाही, तर तेवढ्या पट्ट्यापुरते मध्यभागी यावे आणि रुंदी मिळताच पुन्हा बाजूला व्हावे. मागून हॉर्न वाजेल. हॉर्न वाजवणाऱ्याने आपल्याला पाहिलेले असते.

उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना हे अंतर दीड मीटर ठेवावे. याचा धडा मला कसा मिळाला ते सांगतो. सायकलने जाऊ लागलो त्याच्या तिसऱ्या वर्षी, एका सकाळी उभ्या मोटारींच्या अगदी लगत चाललो होतो. पुढच्या मोटारीच्या मागच्या काचेतून आतले डोके हलताना दिसले, आणि ते दिसले आहे हे मनाला कळेपर्यंत दार उघडलेले होते. हँडलचे टोक दाराच्या कडेला लागले, हँडल आडवे फिरले आणि मी रस्त्याच्या मध्याकडे फेकला गेलो. कोपर आणि गुडघा सोलवटले, मनगट महिनाभर दुखले. त्या क्षणी मागून बस येत नव्हती, एवढ्यावर माझे निभावले. तेव्हापासून उभ्या मोटारीत माणूस आहे का, ब्रेकचा दिवा नुकताच विझला का, पुढची चाके रस्त्याकडे वळलेली आहेत का, याकडे नजर आपोआप जाते; पण खरा बचाव नजरेचा नव्हे, अंतराचा आहे, कारण काळ्या काचेतून काहीच दिसत नाही. आपण स्वतः मोटारीत बसता तेव्हा दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडावे. तसे केले की अंग वळते, मान वळते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. या पद्धतीला जगभर नेदरलँड्सचे नाव जोडले गेले आहे. ती घरातल्या सर्वांना शिकवावी.

रांगेत दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली, की नवशिका आत शिरतो आणि पुढची मोटार आली की पुन्हा बाहेर येतो. असे आत-बाहेर करू नये. मागच्या चालकाच्या दृष्टीने आपण क्षणभर नाहीसे होतो आणि मग अचानक त्याच्या समोर उगवतो. बाहेर यायचेच असेल तर आधी मान वळवून मागे पाहावे, मग हात दाखवावा आणि शेवटी सरकावे. हा क्रम कधीही बदलू नये. मागे पाहताना हँडलही त्याच बाजूला वळणे हा नवशिक्यांचा सर्वांत सामान्य दोष असतो. त्यावर उपाय म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या रेषेवरून सायकल चालवत मागे उभ्या असलेल्या सोबत्याने किती बोटे दाखवली हे ओळखणे. चार-पाच दिवसांत हे जमते.

ट्रक आणि बस यांच्याबाबत एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: सिग्नलला उभ्या असलेल्या मोठ्या वाहनाच्या कडेकडच्या बाजूने पुढे घुसू नये. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने, अधिक तोकड्या वाटेने जातात. चौकात पुढचे चाक आपल्यापासून लांब दिसते, म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि मागचे चाक अंगावर येते. चालकाला त्या बाजूचे जवळचे काही दिसत नाही. आपल्याला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असे समजावे आणि मागेच थांबावे.

ब्रेकविषयी थोडे आकडे देतो, कारण त्यांनी अंदाज पक्का होतो. ताशी २० किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जातो. धोका दिसून बोटे आवळेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढे अंतर तसेच कापले जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावून थांबायला आणखी तीन मीटर लागतात. म्हणजे एकूण नऊ मीटरांच्या आसपास. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पावसात आधी रिमवरचे पाणी पुसले जाते आणि मगच पकड बसते, त्यामुळे ओल्या दिवसांत अंतर बरेच वाढवावे आणि थांबण्याआधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी. लहानपणी पुढचा ब्रेक लावू नये असे शिकवलेले असते. प्रत्यक्षात ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही एकदम, हळूहळू दाब वाढवत लावावेत आणि अंग किंचित मागे न्यावे. वळणावर मात्र पुढचा ब्रेक जोरात लावू नये. वेग वळणाच्या आधी कमी करावा.

घामाचा प्रश्न आपण दम कमी असल्याचा मानता, पण तो मुख्यतः वेगाचा आहे. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी १८ किलोमीटर वेगाने साधी सायकल चालवायला पायडलवर साधारण ७० वॉट शक्ती लागते. वेग ताशी २४ केला की ती जवळपास दुप्पट होते, कारण हवेचा विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आणि शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्यातली सुमारे एक चतुर्थांशच पायडलवर उतरते, उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. म्हणजे वेग वाढवून आपण ९ किलोमीटरमध्ये फार तर साडेसात मिनिटे वाचवतो, त्यातलीही बरीचशी सिग्नलला गमावतो, आणि अंगात दर मिनिटाला तयार होणारी उष्णता जवळपास दुप्पट करून घेतो. चालत्या सायकलवर वारा लागतो म्हणून हे कळत नाही. उतरताच वारा थांबतो आणि घाम फुटतो. म्हणून चढावर हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवावेत, जोर लावू नये, आणि शेवटचा किलोमीटर मुद्दाम रमत चालवावा. पोहोचल्यावर लगेच सदरा बदलू नये. दहा मिनिटे सावलीत थांबावे, ओल्या रुमालाने मान, काखा आणि पाठ पुसावी आणि मग कोरडा सदरा घालावा. पाठीवरची पिशवी काढून टाकली आणि सामान कॅरिअरला लावलेल्या झोळीत ठेवले, तर निम्मी तक्रार तेथेच संपते. माझ्याकडे कार्यालयात कपड्यांचे दोन जोड आणि जोडे कायमचे ठेवलेले असतात, त्यामुळे रोजचे ओझे फक्त डब्याचे आणि कागदांचे.

आपल्या मार्गावर लांब चढ असेल आणि तो टाळता येत नसेल, तर पायडलला साथ देणारी विजेवरची सायकल हा प्रामाणिक उपाय आहे. युरोपीय संघात अशा सायकलच्या मोटरला २५० वॉटची मर्यादा असते आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबते. आपल्या गरजेसाठी एवढे पुरून उरते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

साधी सायकल घ्यायची तर फार चिकित्सा करू नये. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन अशी 'रोव्हर' सायकल आणली, १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि रोजच्या प्रवासाची सायकल मुळात आजही तीच आहे. पाहायचे ते एवढेच: ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, दोन्ही मडगार्ड, कॅरिअर लावण्याची सोय आणि आपल्या उंचीची फ्रेम. पातळ टायरची शर्यतीची सायकल खड्ड्यांवर हात बधिर करते, आणि पुढे धक्के शोषणारे जड फोर्क असलेली सायकल चढावर पाय भरून आणते. घरात जुनी सायकल पडलेली असेल तर तीच दुरुस्त करून पहिला महिना काढावा. नवी घेताना काय हवे आणि काय नको, हे त्या महिन्यात कळते.

सीटची उंची मात्र पहिल्याच दिवशी नीट लावावी. मी ज्यांना सोबत केली त्यांच्यातल्या बहुतेकांची सीट फार खाली होती, आणि गुडघे दुखतात ही त्यांची तक्रार तेवढ्याने थांबली. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच टेकवावी. गुडघा त्या वेळी सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. नंतर चालवताना चवडा पायडलवर ठेवला, की गुडघ्यात नेमका हवा तेवढा बाक राहतो. या उंचीवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, म्हणून नवशिके घाबरतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो, हे एकदा अंगवळणी पडले की भीती जाते.

देखभालीत हवा सर्वांत महत्त्वाची. टायरच्या बाजूवर दाबाची मर्यादा छापलेली असते. ती ओलांडू नये, आणि ३५ मिलिमीटरच्या टायरला साधारण ५० ते ६५ पीएसआय (पंपाच्या मापकावर दिसणारे दाबाचे एकक) ठेवावी. ट्यूबमधून हवा थोडी थोडी निघतच असते, म्हणून आठवड्यातून एकदा, वार ठरवून, मापक असलेल्या पंपाने भरावी. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटले, की ट्यूब टायर आणि रिम यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली तर दोष खिळ्याचा नाही, पंप न वापरण्याचा आहे. एकच भोक असेल तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जुने सुती कापड सर्व बाजूंनी फिरवावे. बोट फिरवू नये, कारण आत काचेचा कपचा असला तर बोट चिरते. कापड मात्र त्याला अडकते आणि जागा दाखवते. तो कपचा काढला नाही तर नवी ट्यूब त्याच दिवशी पुन्हा बसते, आणि मग माणूस टायरला नावे ठेवतो.

चेनला तेल घालताना प्रत्येक कडीवर एकच थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवावे आणि मग बाहेरचे सर्व तेल फडक्याने पुसून काढावे. वंगणाची गरज कड्यांच्या आत असते. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते आणि विजार काळी करते.

दिवे अंधार पडल्यावरच लावायचे, ही समजूत सोडावी. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा झाकोळलेल्या दिवशीही चालू ठेवावा. परावर्तक पट्टी छातीवर बांधतात, पण घोट्यावर बांधलेली पट्टी पायडलबरोबर वर-खाली होते आणि ही हालचाल सायकलस्वाराची आहे, हे दूरच्या चालकाला लगेच ओळखू येते. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, कपाळ झाकेल असे बसवावे, आणि एकदा जोराचा आघात झाला की ते बदलावे, कारण आतला फोम दबून ऊर्जा शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. कुलूप लावताना फ्रेम आणि मागचे चाक दोन्ही एखाद्या हलवता न येणाऱ्या वस्तूला अडकवावे आणि फ्रेमवर कोरलेला क्रमांक घरी लिहून ठेवावा.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनच दिवस जावे, तेही सलग नव्हेत. दुसऱ्या महिन्यात तीन, आणि पुढे जमेल तसे चार. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. ३५ मिनिटे जाणे आणि तेवढेच येणे धरले तर तीन दिवसांत २१० मिनिटे होतात. म्हणून पाचही दिवस जाण्याचा अट्टहास आरोग्यासाठी तरी करण्याची गरज नाही. ताप असेल, झोप झाली नसेल किंवा झाडे वाकवणारा वारा सुटला असेल, तर त्या दिवशी बसने जावे. साध्या पावसात मडगार्ड आणि रेनकोट पुरतो. पाणी साचलेल्या रस्त्यात मात्र सायकल घालू नये, कारण पाण्याखालचा खड्डा आणि उघडे राहिलेले झाकण दिसत नाही. पावसातून घरी आल्यावर, कितीही उशीर झालेला असला तरी, चेन कोरड्या फडक्याने पुसावी आणि तेल दुसऱ्या दिवशी सकाळी, ती पूर्ण वाळल्यावर घालावे.